जाताना दहा तास, येताना नऊ

गेल्या महिन्यात संपादकांनी एक चौकट छापली: ‘विमानप्रवासातल्या अंतराबद्दल आणि वेळेबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा.’ खाली माझी ओळख ‘निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर’ अशी. आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांचा पहिला प्रश्न हाच, की डिस्पॅचर म्हणजे काय. एका आजोबांना वाटलं मी टपाल खात्यात होते.

तर आधी ते सांगते. विमान कुठल्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाणार, याचा कागद उड्डाणाआधी कोणीतरी तयार करतं. ते ‘कोणीतरी’ म्हणजे मी. कागद वैमानिकाला पटला की विमान हलतं. तीस वर्षं हे काम सांताक्रूझला केलं, तेही बहुतेक रात्रपाळीत, कारण युरोप-अमेरिकेची विमानं मुंबईहून जास्त करून रात्रीच सुटतात. आता घाटकोपरला राहते. उतरणारी विमानं आमच्या गॅलरीवरून जातात, त्यामुळे नोकरी सुटली तरी आवाज काही सुटला नाही. आता निवडक पत्रं: आधी पत्र, मग माझं उत्तर.

जानेवारीत मुलाकडे लंडनला गेलो. मुंबईहून जाताना तिकिटावर दहा तास होते, येताना नऊसुद्धा नव्हते. आमचे हे म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो. मी म्हटलं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडन आपल्याकडेच येतंय की! मग जाताना लवकर पोचायला नको? शेजारचा मुलगा इंजिनीअर आहे, तो म्हणतो वारा. एवढ्या उंचीवर कसला आलाय वारा? आणि समोरच्या पडद्यावर विमान ओमान, तुर्कस्तान असं फिरून जाताना दिसत होतं. सरळ का नाही जात? घरात यावरून रोज वाद चालू आहे. निकाल द्या.
*एक आजी, इचलकरंजी*

काकू, निकाल शेजारच्या मुलाच्या बाजूने. पण काकांना लगेच चिडवायला जाऊ नका, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर निघणार आहे.

पृथ्वीचं आधी बघू. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे. पण हवाही तिच्याबरोबरच चालली आहे, आणि विमान त्या हवेत आहे. डेक्कन क्वीन धावत असताना डब्यात लिंबू वर उडवलं तर ते मागच्या डब्यात पडत नाही, आपल्याच हातात येतं. तुमची शंका मात्र मला फार आवडली. काकांचं म्हणणं खरं असतं तर जाताना लवकर पोचायला हवं होतं, हे तुम्ही बरोबर पकडलंत.

आता वारा. तो दिसत नाही, कारण तिथे हलायला पान नाही. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर असतं, आणि हिवाळ्यात उत्तर भारतापासून इराण, इराक, तुर्कस्तानपर्यंत त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. गाभ्यात वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, कधीकधी त्याहूनही जास्त. तुम्ही नेमक्या जानेवारीत गेलात, म्हणजे ऐन भरातला वारा. मे-जूनमध्ये जाल तर हा पट्टा उत्तरेकडे सरकलेला आणि सौम्य झालेला असतो, फरकही कमी दिसेल.

या वाऱ्याच्या शोधाची कथा मोठी मजेदार आहे. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात फुगे सोडून वरचा वारा मोजत होते. आकडे इतके मोठे आले की जगाला कळवावं म्हणून त्यांनी १९२६ साली अहवाल लिहिला. पण कुठल्या भाषेत? एस्पेरांतोमध्ये! सगळ्या जगाला समजेल म्हणून मुद्दाम तयार केलेली भाषा. समजली कोणालाच नाही. मग १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर जायला लागली, तेव्हा त्यांना हा वारा स्वतःच्या अंगावर कळला.

काकांचं अर्धं बरोबर ते इथे. विषुववृत्ताकडची ऊबदार हवा ध्रुवाकडे निघाली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिची दिशा पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच हा पट्टा तयार होतो. म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो, हे खरंच आहे. फक्त मध्ये वारा हा दलाल आहे.

हिशेब करून दाखवते. कागदपेन्सिल घ्या, काकांनाही बसवा. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ९०० धरू. वारा नसेल तर बरोबर आठ तास. आता सगळ्या वाटेवर सरासरी साठचा समोरचा वारा आहे असं समजा. जमिनीवरचा वेग उरला ८४०, म्हणजे ८ तास ३४ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९६०, म्हणजे साडेसात तास. एक तास चार मिनिटांचा फरक, आणि तोही फक्त साठच्या वाऱ्याचा.

आणखी एक बघा. जाताना ३४ मिनिटं गेली, येताना ३०च परत मिळाली. वारा जेवढं घेतो तेवढं परत देत नाही, कारण समोरून येताना तो तुम्हाला जास्त वेळ भेटतो. नोकरीत रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला हा हिशेब घालून चुकवला होता. मी ठामपणे म्हटलं होतं, ‘जाऊन-येऊन सारखंच होणार की.’

जुन्या संथ विमानांना हा वारा आणखी खुपायचा. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचं विमान मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. पंख्याच्या इंजिनांचं ते विमान आजच्या जेटच्या निम्म्या वेगाच्या आसपास उडायचं. साठचा वारा नऊशेतून वजा करणं वेगळं आणि पाचशेतून वजा करणं वेगळं.

आता ‘सरळ का जात नाही’. यासाठी नकाशा नको, पृथ्वीगोल हवा. नातवाचा असेलच. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक दाबा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. हीच खरी सरळ वाट. ती कुठून जाते ते बघा: मुंबईतून निघून जवळजवळ थेट कराचीवर, मग पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या बाजूने, रशियातल्या सोचीजवळून काळ्या समुद्रावर, क्रिमिया, दक्षिण युक्रेन, पोलंडची दक्षिण सीमा, जर्मनी, लंडन.

ही गावांची नावं वाचूनच तुमच्या लक्षात आलं असेल. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. त्यामुळे एकाच रात्री मुंबईहून लंडनला निघालेली दोन विमानं, एक भारतीय कंपनीचं आणि एक परदेशी, वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. विमान कुठल्या देशात नोंदलं आहे, यावर त्याचा रस्ता ठरतो. एसटीला एक रस्ता आणि खासगी बसला दुसरा असावा, तसं.

गंमत म्हणजे शाळेतल्या सपाट नकाशावर मुंबई-लंडन पट्टीने रेघ मारलीत तर ती जवळपास आखातावरून, इराकवरून, तुर्कस्तानच्या दक्षिणेवरून जाते. म्हणजे तुम्हाला पडद्यावर जो ‘वळसा’ दिसला, तो नकाशावर सरळ दिसतो, आणि दोऱ्याची खरी सरळ वाट नकाशावर कमानीसारखी वाकडी. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांना हे पटायला दोन दिवस लागायचे.

२७ फेब्रुवारी २०१९ ची रात्र मला अजून आठवते. त्या दिवशी पाकिस्तानचं आकाश बंद झालं, आणि ते जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ववत झालं नाही. संध्याकाळी कामावर गेले तर आधीच्या पाळीने केलेले पश्चिमेकडचे सगळे फ्लाइट प्लॅन रद्दीत. एकेक परत करायचा. वाट लांबली म्हणजे इंधन वाढलं, इंधन वाढलं म्हणजे वजन वाढलं, आणि विमानाला उडताना वजनाची मर्यादा असते. मग काय कमी करणार? प्रवाशांना तर उतरवता येत नाही. एका विमानातून मालाच्या पेट्या काढायला सांगितल्या. कार्गोवाल्याने फोनवर विचारलं, ‘मॅडम, भेंडी काढू की मिरची?’ आपल्याकडची भेंडी, हिरवी मिरची, कढीपत्ता हे सगळं प्रवासी विमानांच्या पोटातून लंडनच्या दुकानांत जातं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी म्हटलं, ‘जी जड असेल ती.’ त्या रात्री भेंडी राहिली.

शिवाय इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. लंडनपर्यंत एक टन जादा न्यायचं ठरवलं तर त्यातला साधारण पाव हिस्सा ते वाहण्यातच जळून जातो. म्हणून आम्ही डिस्पॅचवाले अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाही. मला कोणी ‘लंडन किती लांब आहे’ विचारलं तर तोंडात पहिल्यांदा किलो यायचे, किलोमीटर नव्हे: आज लंडन इतके हजार किलो लांब आहे, काल चारशे किलोने जवळ होतं.

काकू, तेव्हा वादात शेजारचा मुलगा जिंकला, काका अर्धे. शेजारच्या मुलाला चहा द्या.

नागपूर-मुंबई विमान. तिकिटावर दीड तास. प्रत्यक्षात हवेत एक तास दहा मिनिटं. मुंबईत उतरल्यावर ‘आपण वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचलो आहोत’ अशी घोषणा झाली. ही काय चलाखी आहे? आणि मुळात नागपूर-मुंबई अंतर किती धरायचं? रेल्वे ८३७ किलोमीटर म्हणते, समृद्धी ७०१ म्हणतो.
*एक व्यापारी, अकोला*

हवेतून सरळ रेघ सुमारे ६८५ किलोमीटर. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचे आहेत, त्यात मुंबईचा ट्रॅफिक धरलेला नाही. तो धरला तर तुम्ही तिकडूनच मला पत्र लिहाल.

चलाखी म्हणाल तर आहे, आणि म्हणाल तर नाही. तिकिटावरची वेळ उडण्यापासून उतरण्यापर्यंत नसते. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या गावी जागेवर उभं राहून ठोकळे लागले की थांबतं. मध्ये काय काय येतं बघा. मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, माणूस सायकलवरून जाईल एवढ्या वेगाने धावपट्टीपर्यंत जाणं, तिथली रांग. उडाल्यावरही पहिल्या दहा हजार फुटांपर्यंत वेग बहुतेक ठिकाणी २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरवर बांधलेला. उतरतानाही तेच. त्यामुळे छोट्या प्रवासात विमान आपल्या खऱ्या वेगाने जेमतेम अर्धा तास चालतं.

आणि मुंबई म्हणजे मुंबई. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. जवळजवळ एका धावपट्टीवर दिवसाला नऊशे-हजार विमानं चढतात-उतरतात. संध्याकाळी रांग लागली की वरून येणाऱ्याला ‘थांब’ म्हणतात, पण विमान थांबणार कसं? ते एका ठरलेल्या जागी लांबट चकरा मारत बसतं. एक चक्कर साधारण चार मिनिटांची. तिकिटावरच्या जादा वीस मिनिटांत कंपनी हे सगळं आधीच घालून ठेवते. रांग लागली तर विमान ‘वेळेवर’, नाही लागली तर ‘वेळेआधी’. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर आकडेवारीत उशीर धरला जात नाही. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, तुम्ही ठरवा. मी वाजवत नाही.

मुलगी न्यू जर्सीला असते. डिसेंबरचं तिकीट काढलं. मुंबईहून रात्री दीडला निघून सकाळी सातला पोचतं, तारीख तीच. साडेपाच तासांत अमेरिका? आणि परत येताना मधला एक दिवसच गायब! हे कसं मोजायचं, एकदा सोपं करून सांगा.
*निवृत्त शिक्षक दांपत्य, नाशिक*

गुरुजी, दोन्ही वेळा आधी ग्रिनिचच्या घड्याळात बदला, मग वजाबाकी करा. दुसरी पद्धत शोधू नका, चुकाल.

आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. रात्री दीड म्हणजे ग्रिनिचला आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. हिवाळ्यात न्यू जर्सी ग्रिनिचच्या पाच तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे सात हे ग्रिनिचचे दुपारचे बारा. रात्री आठ ते दुपारी बारा, सोळा तास. झालं. एक खुबी लक्षात ठेवा: अमेरिकेत मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा तिथल्या वेळेत पाचाऐवजी चार मिळवायचे. लंडनलाही तसंच, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. या रविवारांनी तीस वर्षं माझ्या सुट्ट्या खाल्ल्या आहेत.

परतताना दिवस गायब होत नाही, जाताना जो उसना घेतला होता तो परत करावा लागतो.

आमच्याकडे सगळं कामकाज ग्रिनिचवरच चालायचं. त्याला ‘झुलू’ म्हणतात. एक घड्याळ मी घरीही स्वयंपाकघरात तसं लावून ठेवलं होतं, नाहीतर रात्री फोन आला की डोक्यात गोंधळ व्हायचा. सासूबाईंनी ते दोन वेळा दुरुस्तीला दिलं. ‘अगं, हे कायम साडेपाच तास मागेच पडतं.’ दुकानदाराने दोन्ही वेळा सेल बदलून, काटे फिरवून परत पाठवलं आणि पैसे घेतले.

घड्याळांचा घोळ काही परदेशातूनच आला असं नाही. आपल्या मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, ‘बॉम्बे टाइम’. ते ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईत हे १९५५ पर्यंत टिकून होतं. त्या काळात बाहेरगावी जायचं असेल तर गाडी मुंबईच्या वेळेने सुटते की प्रमाणवेळेने, हे आधी विचारावं लागत असणार.

वेग बरोबर अंतर भागिले वेळ, हे आम्ही शिकलो. मग एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान लांबच्या वाटेने लवकर पोचलं, अशी जुनी बातमी सापडली ती खरी आहे का?
*अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर*

खरी आहे. ऑक्टोबर २०१६ मधली. तोपर्यंत हे विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं, वारा समोर घेऊन. एक दिवस त्याला पूर्वेकडून, पॅसिफिकवरून पाठवलं. वाट १,४०० किलोमीटरने लांब, एकूण १५,३०० किलोमीटर. वेळ साडेचौदा तास, म्हणजे जवळपास दोन तासांची बचत. भागाकार करून बघ: सरासरी ताशी १,०५५ किलोमीटर येतात. बोइंग ७७७ चा हवेतला वेग नऊशेच धर. वरचे दीडशे वाऱ्याचे. परतताना ते विमान अटलांटिकवरूनच, पुन्हा पूर्वेकडे आलं, म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण पृथ्वीप्रदक्षिणा. कार्तिकेयाने मोरावरून केली तशी, फक्त इथे वारा त्याच्या पाठीशी होता.

तुझं सूत्र चुकलेलं नाही. अंतर कशाच्या तुलनेत, जमिनीच्या की हवेच्या, एवढं ठरवून घे. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो वादळाच्या वाऱ्यावर न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. वर्तमानपत्रांनी लगेच ‘आवाजापेक्षा वेगवान’ छापलं. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच चालीने चाललं होतं, प्रवाशांच्या कपातला चहाही हलला नसेल.

आणि सगळीकडे, सगळ्या ऋतूंत वारा पश्चिमेचाच असतो असं समजू नकोस. पावसाळ्यात आपल्या दक्षिण भारतावर खालून नैऋत्येचे ढग येत असतात, आणि चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर वारा बरोबर उलटा, पूर्वेकडून वाहतो. पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात तो दाखवून दिला. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हा घे.

दिल्लीहून बीजिंगला जाताना विमानं सरळ हिमालयावरून का जात नाहीत? एव्हरेस्ट तर नऊ किलोमीटरसुद्धा नाही, विमान अकरावर असतं.
*बारावीची विद्यार्थिनी, लातूर*

उंची पुरते, अडचण खाली यायची आहे. केबिनमधली हवा गळायला लागली तर वैमानिकाला काही मिनिटांत दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण तोंडावर पडणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. आणि तिबेटचं पठार सरासरी साडेचार किलोमीटर, म्हणजे चौदा हजार फुटांच्याही वर. खाली यायला जागाच नाही, आणि पठार हजार किलोमीटर पसरलेलं. त्यावरून जाता येतं, पण विमानात जादा प्राणवायू आणि उतरायच्या वाटा आधीच आखलेल्या लागतात. वळसा स्वस्त पडतो.

विमानाला स्कूटरसारखं किलोमीटरचं मीटर असतं का? जुनं विमान किती किलोमीटर चाललं ते कसं कळतं?
*इयत्ता पाचवी, बार्शी*

नसतं रे राजा. विमानाचं वय दोन आकड्यांत लिहितात: किती तास उडालं आणि किती वेळा चढलं-उतरलं. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. वर गेलं की आत हवा भरून विमान फुग्यासारखं किंचित फुगतं, खाली आलं की बसतं. तू एक प्लास्टिकची पट्टी घेऊन पुन्हा पुन्हा वाकव, शेवटी तुटेल. किती वेळ वाकवून धरलीस त्यापेक्षा किती वेळा वाकवलीस त्याला महत्त्व.

हवाई बेटांवर एक बोइंग ७३७ होतं, या बेटावरून त्या बेटावर सारखं उड्या मारणारं. २८ एप्रिल १९८८ ला उडत असताना त्याच्या छताचा पुढचा मोठा भाग फाटून उडून गेला. हवाई सुंदरी असलेल्या एक बाई त्यात गेल्या, पण वैमानिकांनी विमान माउई बेटावर उतरवलं आणि बाकी सगळे वाचले. नंतर त्याचं वय बघितलं: ३५,४९६ तास, आणि उड्डाणं ८९,६८०. तासांना उड्डाणांनी भाग, मग साठने गुण. एक उड्डाण सरासरी किती मिनिटांचं होतं, उत्तर मला पाठव. आणि ते बार्शी ते सोलापूर एसटीला लागतात त्याच्या किती पट कमी, तेही लिही.